उत्तर देणारा नॉब

गडमुडशिंगीच्या एका अंगाला गांधीनगरची घाऊक कापडपेठ आहे आणि दुसऱ्या अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ. दिवसभर टेम्पो, हमालांच्या हाका आणि अधूनमधून डोक्यावरून जाणारे विमान. अशा गावात ध्वनिमुद्रण करायचे तर ते रात्रीच शक्य होते. येथील एखादे व्यापारी घर डोळ्यांसमोर आणावे. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले आहे, दुकानाचा हिशेब मिटला आहे आणि माडीवरच्या खोलीत संगणकाचा पडदा उजळला आहे. भिंतीला लागून कापडाचे तागे रचलेले आहेत. ते तेथे जागेच्या टंचाईमुळे आले. पण कापड आवाज शोषून घेते, त्यामुळे खोलीतील घुमणे आपोआप कमी झाले. मायक्रोफोनसमोर आज्जी बसल्या आहेत. त्यांना पाठ असलेली स्तवने कोणत्याही वहीत उतरवलेली नाहीत, चालीही घरातल्याच. वय पंच्याऐंशीच्या घरात. नात आवाज मुद्रित करते, आणि पर्युषणापूर्वी बारा स्तवने तयार करून नातेवाइकांना पाठवावीत असा तिचा बेत आहे.

मुद्रण झाले की खरे काम सुरू होते. आज्जींचा आवाज ओळीच्या आरंभी भरदार असतो आणि श्वास संपत आला की खाली बसतो. नेमक्या त्याच वेळी पेटी त्याच्यावर चढते. ओळीच्या शेवटी आवाज किंचित वर घ्यावा आणि त्याच क्षणी पेटी किंचित खाली घ्यावी, असे प्रत्येक कडव्यात करावे लागते. माउसने एका वेळी एकच गोष्ट धरता येते. आवाज वर घेऊन पेटीपाशी जाईपर्यंत ओळ संपून जाते. मग मागे जा, पुन्हा ऐका, पुन्हा ओढा. एका स्तवनाला तीन रात्री लागतात.

म्हणून नातीला संगणकाला जोडण्याचे एक उपकरण हवे आहे. त्यावर खरेखुरे फेडर आणि नॉब असतात आणि ते हलवले की पडद्यावरचे फेडर हलतात. त्याला कंट्रोल सरफेस म्हणतात. किंमत ऐकून वडिलांनी विचारलेला प्रश्न व्यापाऱ्याचा आहे आणि अगदी रास्त आहे: “माउस जे करतो, तेच हे करणार असेल, तर वेगळे पैसे कशाचे?”

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी थोडे मागे जाणे उपयोगी ठरेल, कारण आवाजाचा तोल सांभाळण्याची ही अडचण कोल्हापूरला नवी नाही. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ 1932 साली प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरातच तयार केला. त्यात हरिश्चंद्राची भूमिका करणारे आणि संगीत देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. त्या काळच्या बोलपटांत गाणे आणि साथ चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित होई. तोल साधायचा तो माणसे हलवून: पेटी मोठी वाटली तर पेटीवाल्याने मागे सरकायचे, गाणाऱ्याने मायक्रोफोनकडे तोंड करायचे. पुढे प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित करण्याची सोय आली आणि माणसांऐवजी फेडर सरकू लागले. 1970च्या दशकात इंग्लंडच्या नीव्ह कंपनीने नेकॅम नावाची यंत्रणा आणली. तिच्यात संगणक फेडरच्या हालचाली लक्षात ठेवी आणि मोटारीच्या साह्याने तेच फेडर स्वतः हलवून दाखवी. ती यंत्रणा मोठमोठ्या स्टुडिओंनाच परवडण्यासारखी होती. गडमुडशिंगीच्या माडीवर आज जे येऊ पाहत आहे, ते तिचेच लहान भावंड आहे.

या उपकरणाची भाषा मिडी या नावाने ओळखली जाते. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ती घडली. जानेवारी 1983 मध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका तारेने जोडून ती प्रथम जाहीरपणे दाखवण्यात आली. या तारेतून आवाज जात नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. जातात ते आदेश: अमुक क्रमांकाचा नॉब अमुक इतका फिरला. साध्या आदेशात मूल्य 0 ते 127 यांच्या दरम्यान असते, म्हणजे एकूण 128 पायऱ्या. तेव्हा हे उपकरण घेतल्याने मुद्रण तसूभरही सुधारत नाही. मायक्रोफोन हलका असेल, तर पैसे आधी मायक्रोफोनवर खर्च करावेत. ही गोष्ट विक्रेता क्वचितच सांगतो.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. स्वस्त उपकरणावरील नॉब हा रेडिओच्या नॉबसारखा असतो. त्याला आरंभ आहे, शेवट आहे आणि तो जिथे ठेवावा तिथे राहतो. समजा नातीने पहिल्या स्तवनात पेटीचा नॉब निम्म्यावर ठेवला. मग तिने दुसरे स्तवन उघडले. त्यात पेटीची पातळी पावावर होती. पडदा पाव दाखवतो, नॉब निम्म्यावरच उभा आहे. तिने बोट लावून नॉब थोडासा हलवला की सॉफ्टवेअरला आदेश जातो ‘निम्म्याहून किंचित जास्त’, आणि पावावर असलेली पेटी एकदम उसळते. रोजमेळात एक शिल्लक दिसावी आणि गल्ल्यात रोकड दुसरीच निघावी, असा हा प्रकार आहे. व्यापाऱ्याला त्या विसंगतीचे भय समजावून सांगावे लागत नाही. अशा वेळी रोजमेळावरही विश्वास राहत नाही आणि गल्ल्यावरही.

सॉफ्टवेअर यावर एक तोड काढते. नॉब जोपर्यंत पडद्यावरील मूल्याला ओलांडत नाही, तोपर्यंत त्याचा आदेश मानायचाच नाही. याला ‘पिकअप’ म्हणतात. उसळी थांबते, पण हाताला वाटते की नॉब मेला आहे. फिरवत राहायचे, फिरवत राहायचे, आणि मध्येच तो जिवंत होतो. आज्जींची ओळ तोवर पुढे निघून गेलेली असते.

वास्तविक हाताने वाजवण्याच्या वाद्यात ही अडचण उद्भवतच नाही. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर तारेखालचा दोरा केसभर सरकवतो आणि उत्तर तत्काळ त्याच्या कानाला मिळते. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा हाच कान आहे. सॉफ्टवेअरने हात आणि आवाज यांच्यामध्ये एक पडदा आणला. उपकरणाने ते अंतर भरून काढायचे असेल, तर त्याने नुसते आदेश पाठवून भागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये सध्या काय स्थिती आहे ते परत सांगितले पाहिजे. जास्तीचे पैसे जायचे ते या परतीच्या उत्तरासाठी. वडिलांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे आहे.

हे उत्तर देण्याची सर्वांत सुटसुटीत रीत म्हणजे दिव्यांचे कडे. नॉबला आरंभ-शेवट नसतो, तो गोल गोल फिरतच राहतो; त्याला एन्कोडर म्हणतात. त्याभोवती लहान दिव्यांचे वर्तुळ असते. नवे स्तवन उघडले की सॉफ्टवेअर परतीचा संदेश पाठवते आणि पेटीचे कडे आपोआप पावापर्यंत उजळते. नॉबला स्वतःची अशी जागाच नसल्यामुळे विसंगती राहत नाही आणि फिरवणे जिथल्या तिथून सुरू होते. बेहरिंगर कंपनीच्या एक्स-टच मिनीवर असे आठ नॉब आहेत आणि प्रत्येकाभोवती तेरा दिवे आहेत. येथे एक गोष्ट डोळसपणे पाहावी: मूल्याच्या पायऱ्या 128 आणि दिवे तेरा. म्हणजे कडे अदमास दाखवते, नेमका आकडा दाखवत नाही. डावीकडचा आवाज किती, उजवीकडचा किती, घुमारा किती, अशा गोष्टींना अदमास पुरतो. त्याच उपकरणावर एक फेडरही आहे; पण त्याला मोटार नाही, त्यामुळे त्याची गत वर सांगितलेल्या साध्या नॉबसारखीच.

दुसरी रीत मोटारीच्या फेडरची. ट्रॅक बदलला की फेडर सर्रकन सरकून योग्य जागी जाऊन उभे राहतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा खेळ वाटतो, आणि बरेच लोक तो खेळ पाहूनच खरेदी करतात. त्याचा खरा उपयोग मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. चांगल्या मोटार-फेडरला स्पर्श कळतो. बोट टेकले की मोटार सोडून देते आणि सॉफ्टवेअरला कळते की आता माणूस चालवतो आहे. बोट उचलले की फेडर पूर्वी नोंदलेल्या वाटेवर परत जातो. आज्जींच्या आवाजाची चढउतार एकदा पूर्ण नोंदवली आणि तिसऱ्या कडव्यातील एकच ओळ चुकली, तर ती ओळ येताच बोट टेकवायचे, सुधारायची आणि सोडून द्यायचे. पुढचे-मागचे काम जसेच्या तसे राहते. साध्या फेडरवर ही सोय नाही, कारण माणसाने हात कधी काढला हे त्याला कळण्याचा मार्गच नसतो. बारा स्तवनांचे काम पर्युषणाच्या आत व्हायचे की दिवाळीनंतर रेंगाळायचे, हे पुष्कळदा या एका सोयीवर ठरते.

मोटारीचे दोषही सांगितले पाहिजेत. ती सरकताना आवाज करते. मायक्रोफोन उघडा असताना शेजारी ठेवली तर तो आवाज मुद्रणात उतरतो. आतले भाग झिजतात. फटींतून धूळ जाते. कापडाचे तागे असलेल्या खोलीत तर बारीक तंतू सतत उडत असतात, तेव्हा काम संपल्यावर झाकण घालणे अपरिहार्य. शिवाय मोटार-फेडरच्या बहुतेक उपकरणांना नुसत्या यूएसबीवर वीज पुरत नाही, वेगळा अॅडॉप्टर लागतो. वीज जाते-येते अशा ठिकाणी संगणकाबरोबर तेही यूपीएसवर असावे. आणि घरातल्या लहान मुलांना एवढे निक्षून सांगावे की सरकणाऱ्या फेडरला अडवून धरायचे नाही.

दृष्टी अधू असलेल्यांच्या बाबतीत मोटार-फेडरचा एक विशेष गुण क्वचितच बोलून दाखवला जातो. दिव्यांचे कडे पाहावे लागते. फेडरची जागा बोटाने कळते. आठ फेडरांवरून तळहात फिरवला की कोण वर आहे, कोण खाली आहे याचे चित्र हाताला मिळते. अंध संगीतकाराला कडे निरुपयोगी आणि फेडर मोलाचा, असा हा सरळ भेद आहे.

तिसरी रीत लहान पडद्याची. प्रत्येक फेडरच्या वर त्या ट्रॅकचे नाव आणि आकडा उमटतो. येथे मराठी घराला एक अडचण येते आणि ती कोणत्याही जाहिरातीत सापडत नाही. बहुतेक उपकरणे मॅकी कंट्रोल नावाचा जो संकेत पाळतात, त्याच्या पडद्यावर दोन ओळी आणि प्रत्येक ओळीत 56 अक्षरे असतात. आठ फेडरांत वाटून प्रत्येकाला सातच अक्षरे येतात, आणि तीही रोमन. ट्रॅकला देवनागरीत ‘हार्मोनियम’ असे नाव दिले, तर संगणकावर ते छान दिसते आणि उपकरणावर मात्र अगम्य चिन्हे किंवा रिकामी जागा उमटते. म्हणून प्रोजेक्ट सुरू करतानाच नावे रोमन लिपीत आणि तोकडी ठेवण्याची सवय लावावी. ‘पेटी’ बसते, ‘तबला’ बसतो, ‘तानपुरा’ रोमन लिपीत बरोबर सात अक्षरांचा होतो, तोही जेमतेम बसतो. महागड्या उपकरणांवर रंगीत आणि अधिक बारीक पडदे असतात. पण देवनागरी दिसेलच असे तेथेही गृहीत धरू नये, दुकानात लिहून पाहावे.

टॅब्लेटवर टचओएससीसारखे अॅप घालूनही हे सगळे करता येते. त्यात दिवे, फेडर, आकडे सारे परत उमटतात आणि खर्च नाममात्र. फक्त काचेवर बोट ठेवले की फेडर कुठे आहे ते बघावे लागते, आणि आज्जींचा आवाज ऐकताना डोळे मिटता येत नाहीत. तरीही घरात टॅब्लेट पडून असेल, तर पंधरा दिवस त्यावर काम करून पाहणे शहाणपणाचे. आपल्याला नॉब अधिक लागतात की फेडर, चार लागतात की आठ, हे त्यातून पैसे न गुंतवता कळते.

उपकरण कितीही चांगले असो, सॉफ्टवेअरने परतीचा संदेश पाठवला नाही तर ते मुकेच राहते. रीपर, क्यूबेस, लॉजिक, एबलटन लाइव्ह ही सर्व प्रचलित सॉफ्टवेअर मॅकी कंट्रोल ओळखतात. त्या मार्गाने जोडल्यास फेडर, दिवे आणि नावे आपोआप जुळतात. फेडरचा संदेश या पद्धतीत साध्या 128 पायऱ्यांऐवजी पिच-बेंडच्या संदेशातून जातो. त्यात पायऱ्या कितीतरी अधिक असल्याने आवाजाची हालचाल तुटक न होता सलग होते. पण याच घरातील कोणी एखाद्या प्लग-इनमधील नॉब ‘मिडी लर्न’ करून उपकरणाशी बांधला, तर तो आदेश घेतो आणि बहुधा उत्तर देत नाही. कडे अंधारे राहते. उपकरण बिघडले असे समजून ते परत पाठवले जाते, आणि दोष त्याचा नसतो. त्याहूनही सर्रास होणारी चूक म्हणजे सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये उपकरण ‘इनपुट’ म्हणून निवडणे आणि ‘आउटपुट’ची चौकट रिकामी सोडणे. परतीचा रस्ता त्या दुसऱ्या चौकटीतूनच जातो.

मग घ्यावे काय? कोर्गच्या नॅनोकंट्रोल 2 सारख्या उपकरणावर आठ फेडर, आठ नॉब आणि बटणांचे दिवे मिळतात. परतीचे उत्तर फेडरला नाही, नॉबला नाही. एकच प्रोजेक्ट, एकच मांडणी अशा कामाला ते चालते. लय आणि तुकड्यांवर चालणारे संगीत करणाऱ्या तरुणांसाठी नोव्हेशनचे लाँचपॅड किंवा एबलटनचे पुश आहे. त्यांच्या चौकोनी पॅडवर कोणता तुकडा वाजतो आहे ते रंगाने दिसते. पण स्तवनाच्या घराला त्यांचा फारसा उपयोग नाही. नातीच्या कामाचा विचार केला तर ट्रॅक पाचच आहेत: आज्जींचा आवाज, पेटी, तबला, तानपुरा आणि मंजिरी. त्यांतही सतत हलवावे लागतात ते दोन. प्रीसोनस फेडरपोर्टसारख्या, एकच मोटार-फेडर असलेल्या उपकरणावर आवाज एका फेरीत आणि पेटी दुसऱ्या फेरीत नोंदवता येते. काम दुप्पट होते, पण माउसच्या मानाने निम्म्याहून कमी. दोन्ही एकाच वेळी करायचे असतील, तर बेहरिंगरचे एक्स-टच कॉम्पॅक्ट आहे: नऊ मोटार-फेडर आणि कडे असलेले सोळा एन्कोडर. त्यावर नावांचा पडदा नाही. पाच ट्रॅकांना तो लागतही नाही, फेडरखाली कागदी पट्टी चिकटवून देवनागरीत नावे लिहिली की झाले. अशा घराला हेच उपकरण योग्य दिसते. नावे दाखवणाऱ्या मोठ्या उपकरणाचे पैसे वीस-वीस ट्रॅकांचे काम करणाऱ्याने मोजावेत.

खरेदीला जाताना आपला लॅपटॉप आणि आपलाच प्रोजेक्ट बरोबर न्यावा. दुकानात जोडून आधी माउसने पडद्यावरचा फेडर हलवावा आणि उपकरणावरचा हलतो का ते पाहावे. उलट दिशेची परीक्षा सगळेच करतात, ही कोणी करत नाही. मग दुसरा प्रोजेक्ट उघडावा आणि फेडर नव्या जागी जातात का ते बघावे. गाणे चालू असताना बोट टेकवावे, उचलावे. मोटारीचा आवाज कान जवळ नेऊन ऐकावा. ऑनलाइन मागवायचे असेल तर परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते पाहून, मुदत संपण्याच्या आत हे सर्व घरी करावे. भारतातील अधिकृत वितरकाची हमी आणि पक्के बिल असावे, कारण मोटार-फेडर बिघडला तर तो गल्लीतल्या रेडिओवाल्याकडून दुरुस्त होण्यासारखा नाही.

राहिले वडिलांच्या प्रश्नाचे उरलेले निम्मे उत्तर. तीन रात्रींचे काम एका रात्रीवर आले, तर वाचलेल्या रात्रींना नात काय करणार, असे ते विचारू शकतात. ती आणखी स्तवने मुद्रित करील. आज्जींना पाठ असलेल्यांपैकी बारा निवडली आहेत; बाकीची अजून त्यांच्याच जवळ आहेत आणि ओळीच्या शेवटी श्वास दर महिन्याला थोडा आधी संपतो आहे. हे वडिलांनाही माडीवरून खाली ऐकू येतेच.

उपकरण आले की पहिल्या फेडरखाली कागदाची पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर ‘आज्जी’ लिहायचे. त्याच्या शेजारी पेटी, म्हणजे दोन बोटे एकाच हाताची पुरतात आणि दुसरा हात तानपुऱ्याला मोकळा राहतो.